प्रथिनाची घडी कळली, काम कळायचं बाकी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, तेव्हापासून 'प्रथिनांचं कोडं संगणकानं सोडवलं' अशा आशयाचं लिखाण सतत वाचनात येतं. त्या कामाचं मोल मोठंच आहे. बेकर यांनी निसर्गात नसलेली प्रथिनं घडवून दाखवली आणि उरलेल्या दोघांच्या अल्फाफोल्डनं अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, ओळखण्याचा पन्नास वर्षांचा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात काढला. पण सुटलं ते घडीचं कोडं. घडी घालून बसलेलं ते प्रथिन पेशीत नेमकं करतं काय, हा प्रश्न निराळा आहे आणि तो अजून बराचसा उघडाच आहे. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते, म्हणून हे पत्र.

उघडा म्हणजे किती, ते एका उदाहरणावरून कळेल. २०१६ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं जगण्यापुरतीच जनुकं ठेवलेली एक जिवाणू-पेशी बनवली. तिच्यात ४७३ जनुकं होती. अनावश्यक वाटलं ते सगळं काढून टाकल्यावर उरलेली ही शिदोरी. यातलं काही काढलं की पेशी मरते किंवा धड वाढत नाही. तरीही त्या ४७३ पैकी १४९ जनुकांचं काम काय, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. जगायला जे लागतंच, त्यातलं जवळपास एक तृतीयांश अनोळखी.

मुळात 'काम' हा शब्दच तीन अर्थांनी वापरला जातो. हेक्सोकायनेज हे एन्झाइम घ्या. रेणूच्या पातळीवर ते ग्लुकोजला फॉस्फेट जोडतं. प्रक्रियेच्या पातळीवर साखर मोडून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतली ती पहिली पायरी आहे. आणि हे घडतं पेशीद्रवात. जीन ऑन्टॉलॉजी या सामायिक शब्दकोशात प्रत्येक प्रथिनाची नोंद या तीन रकान्यांत होते. एक रकाना भरला म्हणून दुसरा आपोआप भरत नाही. बदकाच्या डोळ्याच्या भिंगातलं एप्सिलॉन क्रिस्टलिन हे प्रत्यक्षात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइमच आहे. रेणू तोच, पण भिंगात त्याची गरज पारदर्शक भराव म्हणून आहे. नुसत्या घडीवरून हे कोणालाही सुचणार नाही.

आता नावं लागतात कशी ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. नव्या जिवाणूचा जनुकसंच वाचून झाला की त्यातल्या चार-पाच हजार प्रथिनांना संगणक काही तासांत नावं चिकटवतो. प्रत्येक क्रम जुन्या नोंदींशी ताडून पाहायचा (ब्लास्ट हे त्यासाठीचं १९९० पासूनचं लाडकं साधन), सर्वांत जवळचा जुळणारा क्रम शोधायचा आणि त्याचं नाव याला द्यायचं. युनिप्रॉट या जागतिक कोठारात कोट्यवधी नोंदी आहेत. त्यांतल्या माणसांनी एकेक करून तपासलेल्या पावणेसहा लाखांच्या घरात आहेत. बाकीच्यांची नावं यंत्रानं लावलेली. म्हणजे नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी एक नक्कल. पहिल्याच नावात चूक असेल तर ती हजारो नोंदींत पसरते आणि एवढ्या ठिकाणी एकच नाव दिसतं म्हणून खरी वाटू लागते. २००९ मध्ये ३७ एन्झाइम-कुटुंबांची झडती घेणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसांनी तपासलेल्या स्विस-प्रॉट विभागात चुका जवळजवळ नव्हत्या. यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्या इतर कोठारांत मात्र कुटुंबसमूहागणिक सरासरी ५ ते ६३ टक्के नावं चुकीची निघाली.

ब्लास्टमध्ये ई-व्हॅल्यू (एवढी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा मिळाली असती, ती संख्या) अतिशय लहान आली की विद्यार्थी निश्चिंत होतात. ती संख्या दोन प्रथिनांचं नातं सांगते, धंदा सांगत नाही. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम आणि दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन यांचे क्रम साधारण ४० टक्के सारखे आहेत, घडी तर जवळजवळ एकच. पहिलं जिवाणूंची भिंत कापतं. दुसरं काहीच कापत नाही. ते एका वेगळ्या एन्झाइमला दुग्धशर्करा बनवायला मदत करतं. लायसोझाइममध्ये ३५ व्या जागी असलेलं, कापण्यासाठी अत्यावश्यक असं ग्लुटामिक आम्ल लॅक्टाल्ब्युमिनमध्ये नाही. त्याहून बोलकी जोडी आहे ती दोन जिवाणू-एन्झाइमांची. मेलामाइनमधला अमिनो गट काढणारं एक आणि अ‍ॅट्राझिन या तणनाशकातलं क्लोरीन काढणारं दुसरं. ४७५ अमिनो आम्लांपैकी फक्त ९ ठिकाणी फरक, म्हणजे ९८ टक्के साम्य, आणि तरी कामं दोन.

म्हणून नाव उचलण्याआधी निदान एवढं पाहावंच. जुळणी प्रथिनाच्या किती लांबीवर आहे? दोन खंडांच्या प्रथिनात एटीपी (पेशीचा ऊर्जा-रेणू) धरणारा खंडच तेवढा जुळतो आणि नाव मात्र अख्ख्या प्रथिनाचं उचललं जातं, ही रोजची चूक आहे. दोन्ही बाजूंनी निदान ८० टक्के लांबी जुळत नसेल तर नाव देऊ नये, कुटुंब सांगून थांबावं. मग क्रियाकेंद्रातली, म्हणजे जिथे रासायनिक क्रिया घडते त्या खोबणीतली, अमिनो आम्लं एकेक करून जागेवर आहेत का ते डोळ्यांनी पाहावं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ज्या नोंदीवरून नाव उचलतोय, तिच्या मुळाशी प्रयोग आहे की तीही नक्कलच, हे तपासावं.

संगणकाचा उपयोग याहून पुष्कळ अधिक आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. जिवाणूंमध्ये एकाच कामाची जनुकं बहुधा शेजारी-शेजारी नांदतात. अनोळखी जनुकाच्या आजूबाजूला एखाद्या साखरेची वाहतूक करणारी आणि ती मोडणारी जनुकं असतील आणि ही शेजारवस्ती दूरच्या नात्यातल्या वीस-तीस जिवाणूंमध्ये टिकून असेल, तर शोध कुठून सुरू करायचा ते ठरलं. एका जीवात सुटी असलेली दोन प्रथिनं दुसऱ्या जीवात एकाच सलग प्रथिनात जोडलेली दिसली, तर ती दोन्ही एकाच कामात असण्याची शक्यता वाढते. क्रमात साम्य उरलेलं नसतानाही घडीतलं साम्य आता फोल्डसीकसारख्या साधनानं कोट्यवधी रचनांमध्ये क्षणात शोधता येतं. वीस टक्क्यांच्या खाली क्रम मुका होतो, घडी तिथेही बोलते.

संगणक आणि प्रयोगशाळा यांची खरी जोडी जमली की काय होतं, त्याचा नमुना २००७ सालचा. थर्मोटोगा मॅरिटिमा या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूतल्या टीएम०९३६ या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी माहीत होती, काम माहीत नव्हतं. संशोधकांनी हजारो चयापचयी रेणू एकेक करून त्याच्या खोबणीत संगणकावर बसवून पाहिले. बसवताना त्यांनी एक शहाणपणा केला. मूळ रेणू न घेता, रासायनिक क्रिया अर्ध्यावर असताना त्याचं जे ताणलेलं रूप होतं ते घेतलं, कारण एन्झाइमची खोबणी त्या रूपालाच सर्वाधिक घट्ट धरते. यादीच्या वरच्या टोकाला अ‍ॅडेनोसिनची नातलग मंडळी आली. मग प्रत्यक्ष चाचणी झाली. एस-अ‍ॅडेनोसिलहोमोसिस्टीनसारख्या रेणूंमधला अमिनो गट ते प्रथिन खरोखर काढत होतं, तेही चांगल्या वेगानं. शेवटी तयार झालेल्या रेणूसकट स्फटिक बनवून पाहिला, तर तो भाकीत केलेल्याच पद्धतीनं खोबणीत बसला होता. अंदाज, मोजमाप, पडताळा, या क्रमानं. यातली मधली पायरी वगळून आज बातम्या होतात.

ती मधली पायरी म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. अनोळखी प्रथिनाचं जनुक ई. कोलायमध्ये घालतात आणि प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडतात. जिवाणू ३७ अंशांवर वाढवून ६०० नॅनोमीटरवरची घनता ०.६ च्या आसपास आली की तापमान १८ अंशांवर आणायचं, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (घातलेलं जनुक चालू करणारं रसायन) घालायचं आणि रात्रभर ठेवायचं. घाईनं ३७ अंशांवरच ठेवलं तर बरीच प्रथिनं नीट घडी न घालता गुठळ्या होऊन तळाशी बसतात. पेशी फोडून द्राव निकेलच्या स्तंभातून सोडायचा; शेपटी निकेलला चिकटते. २० ते ४० मिलिमोलर इमिडाझोलनं धुवायचं, २५० नं सोडवायचं. द्रावात ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) राहिलं असेल तर ते निकेलच ओढून नेतं आणि प्रथिन चिकटतच नाही. इथवरचं सगळं नेहमीचं आहे, पुस्तकात असतं.

धोका पुढे आहे. ई. कोलायची स्वतःची काही प्रथिनं, विशेषतः स्लायडी आणि अर्नए, निकेलला चिकटतात आणि आपल्या प्रथिनासोबत खाली येतात. समजा, चाचणीत आपलं प्रथिन १ मायक्रोमोलर आहे आणि त्यात एक हजारांश भेसळ, म्हणजे १ नॅनोमोलर, एखाद्या चपळ एन्झाइमची आहे, जे सेकंदाला १००० रेणू बदलतं. चाचणीत मिनिटाला ६० मायक्रोमोलर पदार्थ बदललेला दिसेल. हिशेब आपल्या प्रथिनाच्या नावावर मांडला तर ते सेकंदाला १ रेणू बदलणारं 'नवं एन्झाइम' ठरतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ही भेसळ दिसत नाही. २ मायक्रोग्रॅम प्रथिन घातलं तर त्यातला हजारावा भाग २ नॅनोग्रॅम, आणि कूमासी रंगाला तेवढं पकडता येत नाही. फॉस्फेटेजांच्या, म्हणजे फॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमांच्या, बाबतीत तर ही फसगत फारच होते. पीएनपीपी हा कृत्रिम रेणू ४०५ नॅनोमीटरवर पिवळा होतो, पण त्याला कापणारी एन्झाइमं ढीगभर आहेत. पिवळा रंग आला एवढ्यावरून पेशीतला खरा रेणू कोणता, हे मुळीच कळत नाही.

यावर उपाय एकच आणि तो टाळण्याला सबब नाही. क्रियाकेंद्रातलं एक अमिनो आम्ल बदलून तिथे अ‍ॅलानिन घालायचं आणि ते बिघडवलेलं प्रथिन त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं शुद्ध करायचं. क्रिया थांबली तर ती आपल्या प्रथिनाची होती. चालूच राहिली तर ती भेसळीची. बदलामुळे घडीच मोडली नाही ना, हे वितळण्याचं तापमान मोजून पाहायचं. उकळलेलं प्रथिन आणि रिकाम्या प्लाझ्मिडचा (आपलं जनुक नसलेलं डीएनएचं कडं घातलेल्या पेशींचा) अर्क ही दोन नियंत्रणं पुरेशी नाहीत. उकळल्यावर भेसळही मरते, आणि रिकाम्या प्लाझ्मिडच्या अर्कात भेसळीचं प्रमाण वेगळं असतं.

मोजण्यातही पाय घसरतो. एनएडीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन-वाहक रेणू) वापरणारी क्रिया ३४० नॅनोमीटरवर पाहतात. १ सेंटिमीटर जाडीच्या कुपीत ०.१ मिलिमोलर एनएडीएचचं शोषण ०.६२२ येतं. तोच द्राव ९६ खान्यांच्या ताटलीत २०० मायक्रोलिटर घातला तर प्रकाशाला ओलांडावी लागणारी जाडी साधारण अर्धा-पाऊण सेंटिमीटरच भरते. ही दुरुस्ती विसरली की वेग तिसऱ्या हिश्शानं, कधी निम्म्यानं कमी लागतो. शिवाय प्रथिन न घालताही शोषण हळूहळू उतरत असतं. ती उतरण आधी पाच मिनिटं मोजून वजा केली नाही, तर अगदी मंद 'क्रिया' कुठल्याही नळीत सापडेल.

आणि क्रिया खरी असली तरी ती पुरेशी आहे का? बहुतेक एन्झाइमांची कार्यक्षमता, म्हणजे केकॅट (एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती रेणू बदलतो) भागिले केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग येण्यासाठी त्या रेणूची लागणारी तीव्रता), दर मोलरला दर सेकंदाला लाखाच्या आगेमागे असते. ती १० भरली तर तो खरा रेणू नसण्याचीच शक्यता जास्त. केएम १० मिलिमोलर आणि पेशीत तो रेणू १० मायक्रोमोलर, असं असेल तर दोघांची गाठ नावापुरतीच पडते. ई. कोलायमधल्या वायसीआयओ या प्रथिनाचं उदाहरण ताजं आणि शिकण्यासारखं आहे. एका डीप लर्निंग मॉडेलनं त्याला टीएसएसी या नात्यातल्या प्रथिनाचंच काम दिलं. टीएसएसी हे वाहक आरएनएवर एक आवश्यक बदल करण्यासाठी लागणारा मध्यस्थ रेणू बनवतं. नळीत तपासल्यावर वायसीआयओची थोडी क्रिया दिसलीही. पण ती टीएसएसीच्या मानानं दहा हजार पटींहूनही कमी होती. आणि जनुकशास्त्रानं तर आधीच उत्तर दिलं होतं. वायसीआयओ पेशीत असतानाही टीएसएसीचं जनुक काढलं की ई. कोलाय मरतो. वायसीआयओला ते काम येत असतं तर पेशी तगली असती.

म्हणून नळीतल्या पुराव्याला पेशीतल्या पुराव्याची जोड लागते. जनुक काढायचं, काय बिघडतं ते पाहायचं, मग प्लाझ्मिडवरून तेच जनुक परत देऊन बिघाड दुरुस्त होतो का ते पाहायचं आणि क्रियाकेंद्र मारलेलं जनुक देऊन तो दुरुस्त होत नाही, हेही दाखवायचं. परत देण्याची पायरी गाळली तर बिघाड शेजारच्या जनुकाचाही असू शकतो, कारण एकाच ओळीत वाचल्या जाणाऱ्या जनुकांमधलं वरचं काढलं की खालच्यांचंही वाचन अडतं. २००६ मध्ये ई. कोलायच्या ३९८५ जनुकांपैकी प्रत्येकी एक वगळलेल्या वाणांचा केइओ संच तयार झाला. ही अडचण टाळावी अशाच बेतानं ती जनुकं कापली आहेत. उलट अडचणही आहेच. यीस्टच्या साधारण सहा हजार जनुकांपैकी पोषक माध्यमात ज्यांच्यावाचून चालत नाही, अशी एक पंचमांशही नाहीत. जनुक काढलं आणि काहीच झालं नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच की योग्य परिस्थिती अजून दिली गेली नाही.

कोण कोणाला भेटतं हे शोधण्याच्या पद्धतींबद्दल थोडक्यातच. प्रथिनाला बायोटिन जोडणारं एन्झाइम लावून सुमारे दहा नॅनोमीटरच्या परिघातल्या शेजाऱ्यांवर खूण करता येते. मूळ बायोआयडीला त्यासाठी १६ ते २४ तास लागत, २०१८ च्या टर्बोआयडीला दहा मिनिटं पुरतात. पण शेजार म्हणजे सोबत नव्हे. तेच एन्झाइम एकटं, पेशीच्या त्याच कप्प्यात सोडून नियंत्रण घेतलं नाही तर यादीत त्या कप्प्यातली सगळी गर्दी येते.

मॉडेलांच्या अचूकतेच्या टक्केवारीबद्दलही सावध राहायला हवं. शिकवणीची आणि परीक्षेची प्रथिनं सरमिसळ करून निवडली तर एकाच कुटुंबातली भावंडं दोन्हीकडे येतात आणि मॉडेल पाठांतरावर पास होतं. काफा या स्पर्धेची रीत म्हणूनच चोख आहे. भाकितं आधी कुलूपबंद करायची, मग काही महिने थांबायचं आणि त्या काळात प्रयोगांतून नव्यानं ज्यांची कामं कळली, तेवढ्यांवरच गुण द्यायचे. तरी एक उणीव राहतेच. 'हे प्रथिन अमुक काम करत नाही' असं नोंदवायची सोय कोठारांत आहे, पण ती फार क्वचित वापरली जाते. मॉडेलला 'नाही' शिकायला मिळतच नाही. ई. कोलायच्या एका प्रथिनाला यंत्रानं मायकोथायॉल सिंथेज, म्हणजे मायकोथायॉल हा रेणू बनवणारं एन्झाइम, ठरवलं ते यातूनच. ई. कोलाय मायकोथायॉल बनवतच नाही. जीवशास्त्राचा एक प्रश्न विचारला असता तरी ते नाव गळलं असतं.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणी एवढीच आहे. 'अमुक प्रथिनाचं काम शोधलं' असं छापण्याआधी वार्ताहरानं विचारावं की क्रिया कोणत्या रेणूवर मोजली, बिघडवलेल्या प्रथिनाच्या मानानं ती किती पट होती आणि जनुक काढल्यावर पेशीत काय झालं. ही उत्तरं नसतील तर मथळ्यात 'कामाचा अंदाज बांधला' असं लिहावं. जागा चार अक्षरं जास्त लागेल. जिज्ञासू वाचकांना हे स्वतःही पाहता येतं. युनिप्रॉट सर्वांना मोफत खुलं आहे. कोणत्याही प्रथिनाच्या पानावर जीन ऑन्टॉलॉजीच्या प्रत्येक नोंदीशेजारी पुराव्याचा संकेत असतो. आयडीए म्हणजे थेट चाचणीवरून, आयएमपी म्हणजे जनुकातल्या बदलाच्या परिणामावरून, आणि आयईए म्हणजे माणसानं न पाहता यंत्रानं लावलेलं. ज्या प्रथिनाची बातमी वाचली त्याचं पान उघडा आणि आधी हा संकेत पाहा.

आपले विश्वासू,
प्रथिन-जैवरसायनाचे दोन अभ्यासक